पोराच्या चांगुलपणाचं कौतुक त्याच्या तोंडावर करावं का?

सातपुड्याची_सून

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या पानांवरच दिसते, धागा काढायची पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

माझा मुलगा दुसरीत आहे, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. चोपडा तालुका, सातपुड्याच्या पायथ्याशी. अभ्यासात मध्यम, अक्षर बघवत नाही, बडबड अखंड. परवा पालकसभेला गेले ती तक्रारी ऐकायच्या तयारीनंच. बाईंनी मला शेवटी थांबवून घेतलं तेव्हा म्हटलं, झालं, काहीतरी फोडलं असणार.

तर गोष्ट वेगळीच निघाली. जूनमध्ये वर्गात एक नवा मुलगा आला. वडील सालदार आहेत, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. घरी पावरी बोलतात, मराठी त्याला जवळजवळ येत नव्हतं. मधल्या सुट्टीत पोरं त्याला खेळात घेईनात, म्हणे याला नियमच कळत नाहीत. आमच्या चिरंजीवांनी तोडगा काढला की तो कच्चा लिंबू. खेळेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. आणि काही दिवसांनी हाच पोरगा सगळ्यांशी भांडला की आता तो कच्चा लिंबू नाही, तो सगळ्यांत जोरात पळतो, त्याच्यावर राज्य आलंच पाहिजे! शिवाय वर्गात त्याच्याच शेजारी बसतो आणि बाई काय म्हणाल्या ते हातवारे करून त्याला सांगतो. घरी हा मधूनच काहीतरी अगम्य बोलायचा, आम्हाला वाटायचं पोरगं स्वतःच भाषा तयार करतंय. ती पावरी होती.

गाडीवर घरी येताना डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं आलं असं नवऱ्याला सांगितलं.

आता घरात तीन तऱ्हा. सासूबाईंनी लगेच मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. नवऱ्यानं घरच्या ग्रुपवर सगळं टाकलं. त्यावर नणंदबाईंचं उत्तर आलं, "फार भोळा राहू देऊ नको वहिनी, आजकाल अशी पोरं टिकत नाहीत." आणि मी अजून मुलाला एका शब्दानं काही म्हटलेलं नाही. म्हटलं तर तो ते मुद्दाम, दाखवायला करू लागेल अशी धास्ती वाटते. न म्हणावं तर पोटात राहत नाही. तुम्ही काय करता?

भरीतवाला_भुसावळ

दृष्ट काढली ते बेस केलं. बाकी चर्चा चालू द्या, मी खुर्ची टाकून बसलो.

तापीकाठ

करा की तोंडभर कौतुक! आमच्या पिढीला ते कधी मिळालंच नाही. आमचे आबा ओट्यावर बसून आल्या-गेल्याला सांगणार, "मना आंडोर भलता गुणना शे." (माझा पोरगा फार गुणी आहे.) आणि मी समोर आलो की लगेच, "ढोरेसले पानी पाजं का?" (गुरांना पाणी पाजलंस का?) आपल्या बापाला आपण आवडतो हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं, तेही माझं लग्न झाल्यावर. पोराला तुमच्याकडूनच कळू द्या.

खवचट_जळगाव

ताई, राग मानू नका, हलकेच घ्या. सात वर्षांच्या पोरांना खेळायला गडी कमी पडतो. जो सगळ्यांत जोरात पळतो त्याला आपल्यात ओढणं ही काही दया नव्हे, हे शुद्ध राजकारण. पोरगं पुढे सरपंच होणार बघा.

सातपुड्याची_सून

@खवचट_जळगाव भाऊ, कच्चा लिंबू केला तेव्हा तो पळतो हे कुणाला ठाऊक होतं?

खवचट_जळगाव

हा मुद्दा मान्य. निम्मा.

निशिगंध

मी बालमानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं पुस्तकी लिहिते. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोघांनी 2006 मध्ये दीड वर्षाच्या मुलांवर प्रयोग केले होते. अनोळखी माणसाच्या हातून कपड्याचा चिमटा पडतो, तो वाकून घेऊ बघतो, हात पोचत नाही. कुणी सांगितलेलं नसताना बरीच मुलं दुडक्या चालीनं जाऊन चिमटा उचलून देत. म्हणजे मदत करणं हे काही आपण दटावून शिकवलेलं नसतं.

तुमच्या प्रश्नाला उपयोगी पडेल तो 2008 चा प्रयोग. वीस महिन्यांच्या मुलांचे गट केले. मदत केली की एका गटाला खेळणं, एका गटाला नुसतं तोंडी शाबासकी, एका गटाला काहीच नाही. पुढच्या फेरीत ज्यांना खेळणं मिळालं होतं ती मुलं कमी मदत करू लागली. शाबासकीवाल्या मुलांचं तसं झालं नाही. तेव्हा ताई, चार शब्द बोलल्यानं काही बिघडणार नाही. फक्त "शहाण्यासारखा वागलास म्हणून सायकल" असं नको.

भरीतवाला_भुसावळ

म्हणजे आमच्या आईनं मला बक्षीस म्हणून जिलबी दिली नसती तर आज मी संत असतो!

जिभाऊ_धुळे

@निशिगंध मॅडम, वीस महिन्यांचं लेकरू आणि दुसरीतला पोरगा यांत फरक आहे. दुसरीतल्याला कळतं की आई बघते आहे, बाई बघताहेत, ग्रुपवर आत्या बघते आहे. मी या बाबतीत ताईंच्या धास्तीच्या बाजूचा. आमच्या नात्यात एका मुलीचं "किती समजूतदार, किती समजूतदार" म्हणून इतकं कौतुक झालं की तिनं कधी हट्ट म्हणून केला नाही. आज चाळिशीला आली, हॉटेलात काय खाशील विचारलं तर म्हणते, तुम्हाला जे आवडेल ते.

निशिगंध

पटलं. ती प्रयोगशाळेतली लहान मुलं, तिथून दुसरीपर्यंत सरळ रेघ मारता येत नाही. पण तुमच्या उदाहरणातही गोम कौतुकात नाही असं मला वाटतं. त्या मुलीच्या वाट्याला दुसरं कुठलंच कौतुक आलं नसेल.

रावेरची_केळी

मला तर वेगळंच जाणवलं. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं, त्याला कारण आहे. तिथं दुपारी सगळ्यांची एकच खिचडी. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, मळेवाल्याचा पोरगा असो नाही तर मजुराचा. माझी मुलगी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाते, तिथं डबा उघडला की कोण कुणाचा ते कळतं. तिला मी "वाटून खा" शिकवते, आणि ती मला सांगते की मम्मी, जिला द्यायचं ती घेतच नाही. काय सांगणार?

पिंपरी_मूळ_पारोळा

भाषेवरून आठवलं. मी पाचवीत पुण्याकडे आलो. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं वही कुठे, मी म्हटलं "दप्तरमा शे." वर्ग हसून लोळला. पुढे कितीतरी महिने मी वर्गात तोंडच उघडलं नाही, मास्तरांना वाटलं पोरगं मंद आहे. ताई, तुमच्या मुलासारखं एखादं पोरगं शेजारी असतं तर! आणि तो त्याची भाषा शिकतोय, याचं मला जास्त अप्रूप. आपली भाषा शिकवणारे सगळेच भेटतात.

तापीकाठ

अवांतर: "शे" वर हसणाऱ्यांना आमच्याकडे जेवायला बोलवा. भरताचा घास तोंडात गेला की आपोआप "चांगलं शे" म्हणतात.

भरीतवाला_भुसावळ

भरताचं नाव निघालं! हिरवी वांगी, कापसाच्या काड्यांवर भाजलेली, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकर. गॅसवर भाजून त्याला भरीत म्हणणाऱ्यांनी या धाग्यावर येऊ नये.

जिभाऊ_धुळे

भाऊ, तुम्ही प्रत्येक धाग्याचं भरीत करता.

जिप_गुरुजी_नंदुरबार

उशिरा आलो, शाळेची माहिती ऑनलाइन भरत बसलो होतो. (आम्ही शिकवतो कधी, असं विचारू नका.)

ताई, तुमच्या बाईंनी हे हेरलं आणि तुम्हाला सांगितलं, आधी त्यांना नमस्कार. आमच्या भागात निम्मा वर्ग भिलोरी किंवा पावरी बोलत येतो आणि पुस्तक असतं प्रमाण मराठीत. पहिले कित्येक महिने पोरगं गप्प असतं. ते गप्प आहे म्हणजे त्याला कळत नाही असं धरून आपण मोकळे होतो. अशा वर्गात दोन्ही भाषा थोड्या थोड्या येणारं एक पोरगं असलं तर मास्तरचं निम्मं काम तेच करतं. शिकवण्याच्या प्रशिक्षणात आम्हाला जे सांगतात ते ही पोरं मातीत बसून करतात.

पण एक धोका सांगतो. अशा मुलाला आपण मोठी माणसं लगेच कामाला जुंपतो. "तू त्याला सांभाळ हं." झालं! कालपर्यंत दोस्त होता, आज जबाबदारी झाली. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी पाहिलंय, चालता न येणाऱ्या मित्राचं दप्तर रोज उचलणाऱ्या मुलाला "आदर्श विद्यार्थी" म्हणून व्यासपीठावर बोलावलं, आणि फोटोसाठी त्या मित्रालाही उचलून वर आणलं. टाळ्या खूप झाल्या. त्या दुसऱ्या मुलानं मान वर केली नाही. कौतुक एकाचं, पण कमीपणा दुसऱ्याच्या पदरात पडला. म्हणून घरात काय बोलायचं ते बोला, पण सभेत, ग्रुपवर, फोटोत नको. ग्रुपवर टाकलेलं त्या पोराच्या मालकापर्यंत जातं, मालकाकडून बापापर्यंत.

अमळनेरकर

गुरुजींनी लिहिलं ते अगदी खरं. आमच्या गावात साने गुरुजी 1924 ते 1930 प्रताप हायस्कूलला शिक्षक होते, वसतिगृहाचंही काम बघायचे. मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, ते कुणाला दाखवायला नव्हे.

खवचट_जळगाव

वाटच बघत होतो अमळनेर कधी येतंय याची.

अमळनेरकर

आलं तर आलं! खान्देशात मुलांच्या मनाबद्दल बोलायचं आणि अमळनेर टाळायचं, हे कसं जमावं?

बिनदाखला

ताई, एक विचारू? ते पोरगं तुमच्याच शेतावरच्या सालदाराचं आहे का?

सातपुड्याची_सून

नाही, शेजारच्या मळ्यातलं आहे. पण विहिरीवर, बाजारात भेट होते. का हो?

बिनदाखला

कारण मी सालदाराचा मुलगा. आता धुळ्यात नोकरीला आहे, ठीक चाललंय. शहरातल्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला ठरतं. तुम्ही जिला अक्षय्य तृतीया म्हणता, ती. त्या दिवशी सगळ्या पोरीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आमच्या घरी त्या दिवशी सामान बांधायचं की नाही ते ठरायचं. मालकाशी पटलं तर तेच खोपट, नाही तर दुसरा गाव. माझी चौथीपर्यंत किती शाळा झाल्या ते विचारू नका. टोपणनावावरून कळलंच असेल.

प्रत्येक शाळेत मला वह्या देणारं कुणी ना कुणी भेटलं. जुना सदरा देणारं भेटलं. त्यांचे उपकार आहेत, नाकारत नाही. पण त्या पोरांची नावं आज आठवत नाहीत. एकाचं नाव पक्कं आठवतं. तो मळेवाल्याचा पोरगा होता आणि मला काहीच द्यायचा नाही! उलट मागायचा. "बोरं आण." "टेंभुर्णे कुठे मिळतात, मले बी ने." गोफण कशी फिरवायची ते त्याला माझ्याकडून शिकायचं होतं आणि ते नीट जमेपर्यंत त्यानं माझा पिच्छा सोडला नाही. त्याच्यापाशी माझी काहीतरी किंमत होती. तुमचा मुलगा पावरी शिकतो, आणि त्याच्यावर राज्य द्या म्हणून भांडतो, हे वाचून मला तोच आठवला. कच्चा लिंबू केला तोवर मीही खवचट भाऊंसारखा म्हणणार होतो की ठीक आहे, दया आहे. राज्य द्या म्हणाला तिथं मात्र मी वाचताना थांबलो.

आता थोडं कडू. तुम्ही सगळे मुलाला शाबासकी कशी द्यायची याचा खल करताय. त्या मुलाच्या घरच्यांशी कुणी बोललं का? तुमचा मुलगा त्याच्या घरी जेवायला गेला तर चालेल का? त्याला तुमच्या घरी बोलवाल, ते सोपं आहे. उलटं सांगा.

रावेरची_केळी

बिनदाखला दादा, नमस्कार. माझ्या मुलीच्या मैत्रिणीचं कोडं उलगडलं. उद्या सांगते तिला, आधी तिच्या डब्यातलं माग म्हणून.

खवचट_जळगाव

माझा उरलेला निम्मा मुद्दाही मान्य. आज मी जास्त बोलत नाही.

पिंपरी_मूळ_पारोळा

नणंदबाईंचा मुद्दा मात्र राहिला. भोळेपणाची भीती अगदीच खोटी नाही हो. माझा सख्खा भाऊ, कापसाचे पैसे हातात आले की आधी उसने मागणाऱ्यांची रांग. कुणाला नाही म्हणता येत नाही त्याला. लोक म्हणतात देवमाणूस, वहिनी म्हणते दिवाळं.

निशिगंध

नाही म्हणता न येणं हा वेगळा मामला आहे. हा मुलगा आख्ख्या वर्गाशी भांडला, विसरलात? जो भांडू शकतो तो लुबाडला जायची भीती कमी.

सातपुड्याची_सून

चार दिवस आले नाही, घरात पाहुणे होते. पण सगळं वाचत होते.

बिनदाखला दादा, तुमच्या प्रश्नावर पहिल्यांदा रागच आला. मग रविवारी बाजारात त्या मुलाच्या आईची गाठ पडली. मीच बोलले. ती फार कमी बोलते, मराठी जेमतेम. मी म्हटलं आमचा तुमच्याकडे खेळायला यायचं म्हणतो. ती हसली आणि म्हणाली, येतोच की! म्हणजे आमचे चिरंजीव शाळा सुटल्यावर केव्हापासून त्यांच्या खोपटावर जातात आणि मक्याची भाकर, उडदाची डाळ खाऊन येतात. इकडे मी डोकं खाजवत होते की हल्ली हा संध्याकाळी जेवत का नाही. जंताचं औषधसुद्धा देऊन झालं!

सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या गप्प झाल्या, त्यांचं गप्प होणं मला कळतं, इथं जास्त लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, रोज रिकाम्या हातानं जातो का हा? आणि बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पिशवी दिली. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मी तूर्त एवढ्यावर खूश आहे.

मुलाला शाबासकी म्हणून दिलीच नाही. नुसतं विचारलं, "तो जोरात पळतो म्हणे?" त्यावर झोप लागेपर्यंत त्या मित्राबद्दल ऐकत होते. तो झाडावर कसा चढतो, त्याच्या कोंबड्या किती, त्याला सापाची भीती कशी नाही. स्वतःबद्दल अवाक्षर नाही. मध्येच जवळ घेतलं तर म्हणाला, आई गरम होतंय. नवऱ्याला सांगून ग्रुपवरचं काढून टाकलं.

तापीकाठ

जंताचं औषध! हसून हसून पुरे.

जिभाऊ_धुळे

ताई, एक विचारतो. यंदा आखाजीला त्यांचं काय? साल पुढे चालू राहणार का?

सातपुड्याची_सून

तेच मनात आहे. नवऱ्यानं त्या मळेवाल्यांना सहज विचारलं, तर म्हणे अजून ठरलं नाही. मुलाला यातलं काही माहीत नाही.

जिप_गुरुजी_नंदुरबार

हे कामाचं, म्हणून लिहून ठेवतो. ते कुटुंब दुसऱ्या गावी गेलंच, तर दाखल्यासाठी मुलाची शाळा अडता कामा नये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम 5 बघा. मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वयानुसार वर्गात बसवायचं, ते कलम 4. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे शिक्षण हमी कार्डही आहे, बाईंना त्याबद्दल आत्ताच सांगून ठेवा. आखाजीच्या आसपास परीक्षा आणि सुट्टीची घाई असते, मग कुणी सापडत नाही.

आणि मुलाला सांगायचं झालं तर आधी सांगा. एक दिवस शेजारची जागा रिकामी दिसणं लेकरांना फार लागतं. मी दरवर्षी बघतो.

बिनदाखला

गुरुजी, तुमच्यासारखा एक मास्तर मिळाला असता तर टोपणनाव बदलावं लागलं असतं.

ताई, अजून एक. त्या मुलाच्या वडिलांचा फोन नंबर घेऊन ठेवा. आमच्या वेळी फोन नव्हते. गोफणवाल्याला मी अजून शोधतोय.

सातपुड्याची_सून

घेतला कालच. मुलानंच आणला, वहीच्या मागच्या पानावर लिहून. अक्षर असं आहे की शेवटचा आकडा एक आहे की सात, ते कळेना. लावून बघते.

खवचट_जळगाव

दोन्ही लावा. एखादा नवीन दोस्त मिळेल.

भरीतवाला_भुसावळ

आखाजीला काय झालं ते इथंच लिहा ताई, वेगळा धागा नको. हा खाली गेला तर वर काढायला मी आहे. आणि त्या माउलीला आमच्याकडची दोन किलो भरताची वांगी द्या, चोपड्याला येतोय पुढच्या आठवड्यात.